तोताराम आबांनी ओळखलेला माणूस

"ओळखलं का?" असं विचारणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. सरळ नाव सांगायला काय होतं? लग्नात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात सलाईन लावून पडलेलो असतानासुद्धा कोणीतरी पुढे येतं, दात काढतं आणि विचारतं, "काय भाऊ, ओळखलं का?" नाही म्हणावं तर आपणच माजलेले ठरतो. म्हणून आपल्याकडे नाही कोणी म्हणत नाही. हो हो म्हणत राहायचं आणि समोरच्याच्या तोंडून काही धागा निघतो का याची वाट बघायची. माझ्या साडूने असंच हो हो म्हणत एका माणसाला दोन दिवस घरी ठेवून घेतलं, पुरणपोळी घातली. तो शेजाऱ्यांचा पाहुणा होता. शेजारी त्याला स्टँडवर शोधत होते.

हा राग मी नोकरीतून आणला. १९८८ साली मी धरणगावला एका सहकारी बँकेच्या शाखेत बचत खात्याच्या काउंटरवर होतो. मी मूळचा धुळ्याचा, आडनाव भावसार. आमच्या बँकेची सुरक्षा चोख आहे असं आम्ही समजत होतो. दारात बंदूकवाला होता. बंदूक त्याच्या वडिलांच्या वेळची होती आणि ती उडते की नाही हे बघायची वेळ आली नव्हती. तिजोरीला दोन किल्ल्या होत्या, त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या कमरेला असत. आणि काउंटरसमोरच्या बाकावर तोताराम आबा बसलेले असत.

आबा बँकेचे नोकर नव्हते. सत्तरी उलटलेले शेतकरी, एके काळी सोसायटीचे चेअरमन, पांढरं धोतर, पांढरी टोपी. शेती मुलांकडे दिली होती, त्यामुळे सकाळी दहाला शाखा उघडली की ते बाकावर येत आणि दुपारच्या जेवणाला घरी जात. पण खरं सांगायचं तर बँक त्यांच्यावर चालली होती. त्या काळी पासबुकावर फोटो नसे. नवं खातं उघडायचं, पासबुक हरवलं, सही बदलायची, काहीही असलं की जुन्या खातेदाराने "मी या माणसाला ओळखतो" असं लिहून सही करायची, असा नियम. आणि जुना खातेदार म्हणजे आबा. मजकूर मी लिहायचो, सहीच्या जागी बोट ठेवायचो आणि आबा माझ्या बोटाला बोट लावून सही करत. पंचक्रोशीतला माणूस समोर आला की ते नुसतं नाव सांगून थांबत नसत. बाप कोण, आजा कोण, आईचं माहेर कोणतं, चुलत्याची कोणत्या बांधावरून कोणाशी मारामारी झाली होती, सगळं सांगत. ज्याचं खातं उघडायचं त्यालाही यातलं निम्मं नवीन असे. आमचे मॅनेजर अभयकुमार मोठे सज्जन, नेमस्त माणूस. ते म्हणत, "आबा आहेत तोवर आपल्याला चिंता नाही." आणि ते खरोखरच चिंता करत नसत.

मार्चमध्ये एक माणूस बँकेत आला. चाळिशीचा, पांढरा सफारी, हातात रेक्झिनची बॅग. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बाकावर आबा दिसले, तसा सरळ जाऊन पाया पडला आणि म्हणाला, "आबा, वळखं का?"

हे सगळं माझ्यापासून चार हातांवर झालं, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे. आबांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, हसले.

"वळखं नही तं काय! सुपडूना आंडोर ना रे तू? पितांबर!"

"हाऊ, आबा," तो माणूस म्हणाला. आमच्या अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि हाऊ म्हणजे हो.

"किती वरीसमा उना! सुरतनी मिलमाच शे ना आजून?"

"हाऊ."

"बाप गया तवय बी तू वखतवर उना नही."

त्या माणसाने मान खाली घातली. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बापाचं काय चांगलं होतं ते सांगितलं, मग बापाचं काय वाईट होतं तेही सांगितलं. तो माणूस हाऊ हाऊ करत होता. सगळ्या भेटीत त्याने स्वतःहून दोन शब्द उच्चारले होते, "वळखं का" एवढेच. बाकी नाव, बाप, गाव, नोकरी, दुःख, सगळं आबांनी दिलं. वर चहा मागवला.

चहा पिता पिता आबा म्हणाले, "आनि तुनं खातं तं आठेच शे. मीच उघाडी दिन्हं व्हतं, इसरना का?"

बशी तोंडाशी नेता नेता तो माणूस थांबला. "इसरनू नही आबा," तो म्हणाला. "पन पासबुक हारपी गयं. रेल्वेमा."

मला आजही वाटतं की तो फक्त चहा प्यायला आला होता, किंवा कोणाकडून दहा-वीस रुपये उसने काढायला. आबांनी त्याला खातं दिलं. मग पुढचं काम माझ्याकडे आलं. मी लेजर काढलं. पितांबर सुपडू, खातं जुनं, दर दोन-तीन महिन्यांनी सुरतेहून ड्राफ्ट जमा, काढलेलं काहीच नाही. शिल्लक साडेचाळीस हजारांच्या वर. त्या वेळी तेवढ्यात धरणगावला घर येत होतं. मी सही मागितली. त्याने केली. कार्डावरची सही वेगळी होती आणि ही वेगळी. मी तोंड वर करून तसं म्हणालो, तर बाकावरून आबाच बोलले, "आरे भावसार, मशीनवर काम करी करी हात बसी गया व्हई त्याना. नवी सही ल्या ना!"

त्या माणसाने लगेच मनगट चोळायला सुरुवात केली.

मी फॉर्म घेऊन अभयकुमारांकडे गेलो. म्हणालो, सही जुळत नाही. त्यांनी नियम वाचून दाखवला. सही बदलताना मूळ ओळख देणाऱ्याने पुन्हा ओळख द्यावी. मूळ ओळख देणारा कोण? आबा. पुन्हा ओळख देणारा कोण? आबा. मग तुमची हरकत काय आहे भावसार? माझी हरकत काय होती ते मला सांगता येईना. नियम सगळे पाळले गेले. नवी सही झाली, नवं पासबुक झालं, दोन दिवसांनी त्याने विड्रॉल स्लिप भरली, पितळी टोकन घेऊन बाकावर आबांशेजारी बसला, नंबर आल्यावर पैसे घेतले, आबांच्या पाया पडला आणि गेला. खात्यात किमान शिल्लक तेवढी ठेवली होती. खातं बंद पडू नये इतकी काळजी त्याने घेतली.

जूनमध्ये खरा पितांबर आला.

तो बँकेत आला हे दारापासूनच कळलं, कारण तो ओरडत आला. भांडत नव्हता. वीस वर्षं मिलमधल्या मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला कमी ऐकू येत होतं, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशा हिशेबाने तो बोलायचा. काउंटरवर त्याने जुनं, कोपरे झिजलेलं पासबुक ठेवलं आणि सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, बठ्ठा पैसा काढना शेतस! धुळाले दोन माग ल्यायेल शेतस!"

सगळे पैसे त्याला मागांसाठी हवे होते: धुळ्याला दोन जुने पॉवरलूम त्याने बघून ठेवले होते. मोहनलाल नावाच्या व्यापाऱ्याचे होते, तो धंदा आवरत होता. विसार म्हणून पितांबरने बायकोच्या पाटल्या मोडून पैसे दिले होते. बाकीची रक्कम दिवाळीच्या आत द्यायची, नाही तर माग दुसऱ्याला जाणार आणि विसारही बुडणार. मिलची नोकरी त्याने सोडली होती. बायको सुमनबाई सुरतेत सामान बांधून बसली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर उभा राहिलेला माणूस स्वतःच्या मागावर उभा राहायला निघाला होता. हे सगळं त्याने मला एका दमात सांगितलं, आणि मी लेजर उघडून बसलो होतो, आणि लेजरमध्ये किमान शिल्लक होती.

मला ते त्याला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा हळू सांगितलं म्हणून. दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तेव्हा बँकेतला प्रत्येक माणूस वळून बघायला लागला आणि तो खालीच बसला. काउंटरच्या पलीकडे मला त्याची टोपी तेवढी दिसत होती.

त्याच्याकडे जुनं पासबुक होतं. मिलचं फोटोवालं ओळखपत्र होतं. मी सही मागितली, ती मूळ कार्डाशी हुबेहूब जुळली. मेव्हणा एरंडोलहून येऊन सांगून गेला की हाच पितांबर. मेव्हण्याचं आमच्याकडे खातं नव्हतं, म्हणून त्याचं म्हणणं धरता आलं नाही. सगळे कागद जळगावला मुख्य कचेरीत गेले आणि तिथून उत्तर आलं. उत्तराचा मराठीत अर्थ असा होता: बँकेने नियमाप्रमाणे, ओळख पटवून पैसे दिले आहेत. ओळख देणाऱ्या तोताराम आबांनी आपण दिलेली ओळख चुकीची होती असं स्वतः लिहून दिलं, तर बँक भरपाईचा विचार करेल. लिहून दिलं नाही, तर पैसे पितांबर यांनाच मिळाले असं समजण्यात येईल.

म्हणजे आबांनी "चुकलो" म्हटलं की माग. नाही म्हटलं की काही नाही.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. आबा भला माणूस. मी बाकाजवळ गेलो आणि सगळं समजावून सांगितलं. आबा टोपी सारखी करून म्हणाले, "भावसार, मी आनि माणूस वळखामा चुकी करसू? सुपडूना आंडोर व्हता तो." मी म्हटलं, आबा, खरा पितांबर आला आहे, तो बघा तिथे बसलाय. आबांनी तिकडे बघितलं. "तो बी असू शकस," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते बँकेत यायचे बंद झाले.

मला आबांचा संताप आला होता. एवढा मान, एवढी प्रतिष्ठा, आणि एक शब्द मागे घेता येत नाही! एक गरीब माणूस रस्त्यावर आला तरी चालेल, पण आमची ओळख खरी! असं बरंच काही मनाशी जुळवून मी रविवारी पितांबरला घेऊन आबांच्या घरी गेलो. चौकटीतच बोलून टाकायचं असं ठरवलं होतं.

ओट्यावर पोचलो तर आत हिलाल आलेला होता, बियाणं विकणारा. पितांबरला ओट्यावर बसवून मी दाराशी थांबलो, हिलालचं होऊ दे म्हणून. आबांच्या पत्नी इंदिराबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात, चुलीपाशी होत्या. हिलाल गेला आणि मागच्या दाराने दुसरं कोणी आलं, तशा अक्का मोठ्याने म्हणाल्या, "आवो, रतिलालभाऊ उनात, तेलवाला!" आबा लगेच, "या या रतिलालभाऊ! गुडघा कसा शे?" मला गंमत वाटली. घरात कोणी आलं की त्याचं नाव पुकारायचं, राजदरबारात करतात तसं. रतिलाल बसून गेला. अक्का पाणी आणायला परसात गेल्या. तेवढ्यात मी आत शिरलो. काही न बोलता आबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, रागातच होतो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. हसले. हात पुढे केला.

"या या तलाठी आप्पा! बसा."

तलाठी आप्पा माझ्यापेक्षा एक वीत उंच होते, आणि त्यांना दाढी होती.

अक्का कळशी घेऊन आत आल्या, मला बघून दारातच थबकल्या. "आवो, भावसारसाहेब शेतस त्या," म्हणाल्या.

"मंग मी काय म्हनी र्‍हायनू?" आबा म्हणाले. "भावसारच तं!"

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी तसाच बसलो. आबांच्या डोळ्यांत बाहुलीच्या जागी दुधासारखी साय धरली होती. इतके दिवस ते माझ्यासमोर बाकावर बसत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. कारण बघायचं काम त्यांचं होतं. अक्का खाली बघत होत्या. इतकी वर्षं ही बाई स्वयंपाक करता करता नवऱ्याचे डोळे होऊन राहिली होती आणि बँकेत मात्र तिला येता येत नव्हतं.

मी बाहेर ओट्यावर आलो. पितांबरला बाजूला घेतलं आणि त्याच्या कानाशी लागून सांगितलं की आबांनी खोटं सांगितलेलं नाही, आबांना दिसत नाही. ते लिहून द्यायला लावू, वैद्यकीय दाखला जोडू, काम होईल. तुझे माग कुठे जात नाहीत.

पितांबरने ऐकलं. आणि मग बोलला. त्याला वाटलं असेल तो कुजबुजतोय.

"नही साहेब! आबाले दिसत नही हाई कागदवर लिखानं नही!"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेलो. त्याने तो बाजूला केला.

"मना बाप गया तवय मी सुरतमा व्हतू! मना जागावर आबानी खांदा दिन्हा! बठ्ठा गावमा त्याना मान शे, तो घालवू का मी? माग गयात तं जाऊ द्या! मी परत मिलमा जासू!"

समोरच्या घरातली बाई दारात आली. रस्त्यावरची सायकल थांबली. आत आबा बसले होते, आणि आबांचे कान चांगले होते. मी खिडकीतून पाहिलं. आबा मांडीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. अक्कांनी पदर तोंडाला लावला होता. मी पितांबरला ओढत घेऊन गेलो. रस्ताभर तो मला समजावत होता की ही गोष्ट कोणाला सांगू नका, आणि रस्त्यावरचे लोक ती ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात जळगावहून तपासनीस आले. बाजाराचा दिवस होता, बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. तपासनिसांनी अभयकुमारांच्या केबिनमध्ये कागद मांडले आणि विचारलं, "ते तोताराम कुठे आहेत?" मी सांगणार होतो की ते येणार नाहीत. पितांबर कोपऱ्यात उभा होता. सुरतेचं तिकीट त्याच्या खिशातून वर दिसत होतं.

तेवढ्यात आबा आले. अक्कांच्या खांद्यावर हात ठेवून आले. लोकांनी वाट दिली. रस्ता पायाखालचा, त्यामुळे ते कायम एकटेच येत; आबांना असं कोणाच्या खांद्यावर हात ठेवून चालताना कोणी पाहिलं नव्हतं. तपासनीस म्हणाले, केबिनमध्ये या. आबा म्हणाले, "नही. आठेच."

मग काउंटरसमोर, सगळ्या बाजाराच्या गर्दीत, तपासनिसांनी पितांबरला आबांच्या पुढ्यात उभं केलं. तपासनिसांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एक रकाना भरायचा होता.

"आजोबा, समोर उभे आहेत ते पितांबर सुपडू आहेत का?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मी आयुष्यात इतकी वाट कशाची बघितलेली नाही.

"माले माहीत नही," आबा म्हणाले.

"म्हणजे? ओळखत नाही?"

"नही वळखं. आठे उभा शे तो बी नही आनि तो पहिला उना, तो बी नही. तीन वरीस व्हयनात, माले कोनीच दिसत नही. जो वळखं का म्हने, त्याले मी हाऊ म्हनी देऊ."

तीन वर्षं. अभयकुमारांनी खुर्ची शोधली आणि बसले. ते मनातल्या मनात खाती मोजत होते हे मला दिसत होतं, कारण मीही तेच करत होतो. गर्दीतून हिलाल पुढे आला. त्याचं खातं मागच्याच वर्षी आबांनी उघडून दिलं होतं, आजा-पणज्याच्या नावानिशी.

"आबा," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मंग मी कोन शे?"

"तू हिलाल," आबा म्हणाले. "तुना आवाज वळखू येस. पन साहेबले तुना आवाज चालत नही."

तपासनीस भांबावून गेले होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

यावर आबांनी जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. म्हणाले, मला बोलावतात ते मी ओळखतो म्हणून. डोळे गेले म्हणालो असतो तर लोकांनी वाईट वाटून घेतलं असतं, मोसंबी आणून दिली असती, आणि मग कोणी काही विचारायला आलं नसतं. मी घरात बसलो असतो. एवढंच म्हणाले, आपल्या बोलीत, आणि आवाज चढवला नाही. मग जिथे पितांबर असेल असं त्यांना वाटलं तिकडे तोंड करून म्हणाले, "तुना माग मी डुबाडात रे बाप्पा. चुकी मनी शे. लिखी ल्या साहेब."

पितांबर दुसऱ्या बाजूला उभा होता. आबा बोलले ते एका कापूस व्यापाऱ्याच्या मुनिमाला. मुनीम बिचारा मान हलवत उभा राहिला, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मला इतकं भरून आलं की मी शिपायाला टोकनं नीट लावून ठेवली नाहीत म्हणून झाप झाप झापलं. टोकनं नीटच होती.

जबाब लिहिला गेला. पैसे मिळाले, पण बँकेच्या चालीने मिळाले; मोहनलालने दिवाळीची मुदत गुढीपाडव्यापर्यंत वाढवून दिली, तीसुद्धा मी स्वतः धुळ्याला जाऊन त्याच्याशी तासभर भांडलो तेव्हा. पितांबरचे माग उभे राहिले. तो पांढरा सफारीवाला कोण होता ते आजतागायत कळलं नाही. अभयकुमारांची बदली झाली. तीन वर्षांत आबांनी ओळखलेल्या सगळ्या खातेदारांना बोलावून पुन्हा तपासलं, तर एक सोडून सगळे खरे निघाले. मुख्य कचेरीने मात्र झाल्या प्रकारातून धडा घेतला आणि सर्व शाखांना परिपत्रक काढलं की ओळख देणाऱ्या व्यक्तीस दिसत असल्याची खात्री शाखाधिकाऱ्यांनी करून घ्यावी. आमच्या नव्या मॅनेजरने ते फ्रेम करून लावलं. पुढे फोटोचा नियम आला तेव्हा ते काढलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी जबाब वाचून दाखवल्यावर तपासनिसांनी कागद आबांच्या पुढे सरकवला आणि पेन हातात दिलं. आबांनी पेन धरलं. मग म्हणाले, "कोठे करू सही?"

तपासनीस म्हणाले, खाली, रेघेवर. रेघ कुठे आहे हे आबांना कसं कळणार होतं? मी उठायच्या आत पितांबर पुढे आला. त्याने काही ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण आबांचा हात रेंगाळलेला त्याने बघितला होता. त्याने आबांचं बोट धरलं आणि अलगद रेघेवर टेकवलं. मागावर धागा तुटला की जोडतात, त्या सफाईने. आबांनी सही केली, या माणसाला मी ओळखत नाही म्हणून.

सही झाल्यावरही पितांबरने बोट सोडलं नाही. तसंच धरून त्याने आबांना दारापर्यंत नेलं, अक्का मागे मागे. लोक बघत होते. दाराशी आबा थांबले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "पायरी कोठे शे?"

"पुढे शे, आबा! हळू! आजून एक शे!" पितांबर ओरडला. त्याचा आवाज पार चौकापर्यंत गेला, आणि आबा पाय चाचपत सावकाश खाली उतरले.